निकाहनामा वाचणारा वकील मुलीच्या बाजूचा हवा

लग्नाच्या करारावर मुलगी सही करते तेव्हा तो करार कोणत्या भाषेत आहे आणि ती भाषा तिला कळते का, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. निकाह खेड, महाड किंवा मुंब्र्यात झाला तर कागद बहुतेक उर्दूत असतो, सोबत थोडं इंग्रजी किंवा मराठी. तोच निकाह शारजा, कुवेत किंवा दोह्यात नोंदवला गेला तर कागद अरबीत. दोन्ही ठिकाणी तो मुलीच्या पुढ्यात येतो अगदी शेवटी, आणि कुणीतरी बोट ठेवून सांगतं, ‘इथे सही कर.’ माझं म्हणणं सरळ आहे. करार अरबीत होणार असेल तर अरबी आणि तिथला कायदा, दोन्ही जाणणारा वकील मुलीने लग्नाआधी स्वतःसाठी नेमला पाहिजे. आपल्या घरांत हे मेहंदीइतकं नेहमीचं झालं पाहिजे.

मी मूळची मंडणगड तालुक्यातली, वकिली मुंबईत करते, बहुतेक काम वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात. आमच्या कोकणी मुसलमानांच्या गावांतून पूर्वी माणसं बोटीवर जायची, सत्तरच्या दशकापासून आखातात जाऊ लागली. आता तिथेच वाढलेली, तिथेच शिकलेली पिढी लग्नाला आली आहे. त्यामुळे स्थळंही बदलली. नवरा मुलगा कधी दापोलीचाच पण कुवेतला वाढलेला, कधी केरळचा, कधी हैदराबादचा, आणि अलीकडे कधी जॉर्डनचा, सीरियाचा, इजिप्तचाही. या लग्नांचे कागद माझ्या ऑफिसात वाढू लागले आहेत, आणि ते येतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आमच्याकडे अरबीबद्दल एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. लहानपणी मदरशात किंवा घरी येणाऱ्या उस्तादजींकडे आम्ही सगळे अरबी अक्षरं शिकतो. कुराणाचे तीस पारे वाचून पुरे झाले की घरात मिठाई वाटतात. उच्चार स्वच्छ असतात, अर्थ मात्र भाषांतर हाती घेतल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे अरबी कागद समोर आला की बाप, भाऊ, मामा, कुणीतरी तो वाचायला लागतो. वर ‘बिस्मिल्लाह’ दिसतो, अक्षरं ओळखीची वाटतात, आणि सगळ्यांची समजूत होते की कागद वाचून झाला. कोर्टाची अरबी वेगळी. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला त्या देशाच्या कायद्याचं एखादं कलम चिकटलेलं असतं. ती ओळ नुसती वाचता येऊन भागत नाही. ती लिहिली तर उद्या काय होईल आणि नाही लिहिली तर काय होईल, हे सांगणारा माणूस शेजारी लागतो.

दापोली तालुक्यातल्या एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ही मुलगी अमिरातीतल्या एका शहरात लॅब टेक्निशियन. त्याच शहरात वाढलेल्या एका जॉर्डनच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घरची माणसंही चांगली. बोलणी इंग्रजीत झाली. ती नोकरी सोडणार नाही, राहायला वेगळं घर असेल, आणि पुढेमागे कायमचं अम्मानला जायचं झालं तर तिच्या संमतीनेच, असं ठरलं. मेहेरचा, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचा, थोडा भाग लगेच आणि मोठा भाग नंतर, हेही ठरलं. करार नोंदवायला दोन्ही घरं अधिकाऱ्यापुढे बसली, तेव्हा त्याने सगळं अरबीत वाचून दाखवलं. अटींच्या रकान्यापाशी तो थांबला आणि त्याने विचारलं, काही अटी घालायच्या आहेत का? मुलाच्या काकांनी उत्तर दिलं, नाही. मुलीचे वडील वली, म्हणजे तिच्या वतीचे पालक, म्हणून शेजारीच बसले होते. त्यांना प्रश्न कळला नाही आणि उत्तरही कळलं नाही.

काकांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. घरात ठरलेल्या गोष्टी घरातच राहाव्यात, सरकारी कागदावर कशाला, असं त्यांना वाटलं असणार. आपल्याकडचे काकाही हेच म्हणाले असते. पुढे मुलाचे वडील आजारी पडले, सगळ्यांनी अम्मानला परतायचं ठरलं, मुलीने राजीनामा द्यावा असा आग्रह सुरू झाला. सुट्टीत गावी आली तेव्हा ती कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘मॅडम, आमचं सगळं ठरलं होतं. ते यात कुठे लिहिलंय तेवढं दाखवा.’ मी जाणकाराकडून तो कागद शब्द न शब्द वाचून घेतला. मेहेरचे दोन आकडे होते, साक्षीदारांची नावं होती, पासपोर्टचे क्रमांक होते. अटींच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली होती.

अमिरातीच्या 2005 च्या वैयक्तिक कायद्यात स्पष्ट म्हटलं होतं की नोंदवलेल्या विवाहकरारात लेखी असेल तीच अट धरली जाईल. तिचा करार त्याच कायद्याखालचा. एप्रिल 2025 पासून तिथे नवा कायदा लागू झाला आहे, पण तोंडी वचनावर भिस्त ठेवा असं आजही तिथला कुठलाच वकील सांगणार नाही. म्हणजे कायद्याने या मुलीला अडवलं नव्हतं. रकाना तिच्यासाठीच ठेवला होता. तो भरून घेणारं माणूस मात्र त्या खोलीत तिच्या बाजूला नव्हतं.

निकाह हा करार आहे, हे आमच्याकडे प्रत्येक व्यासपीठावर अभिमानाने सांगितलं जातं. प्रस्ताव, कबुली, साक्षीदार, मेहेर. हिंदू विवाह संस्कार आहे आणि आमचा करार आहे, म्हणून आमची बाई पहिल्यापासून हक्काची धनी आहे, असं भाषणात ऐकू येतं. मग करार म्हटल्यावर अटी आल्या, मसुदा आला, दोन्ही बाजूंचा सल्ला आला. हे पुढचं बोलायला लागलं की तेच लोक म्हणतात, ही पाश्चात्त्य थेरं आहेत. तसं अजिबात नाही. अब्बासी खलिफा अल-मन्सूर, ज्याने बगदाद वसवलं, त्याच्या लग्नाची गोष्ट अरब इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. त्याची बायको अर्वा. तिने करारात लिहून घेतलं होतं की ती जिवंत असेपर्यंत तो दुसरी बायको करणार नाही. पुढे खलिफा झाल्यावर त्याने ही अट काझींकडून मोडून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. ट्युनिशियातल्या कैरवान शहरात ही अट घालून लग्न करायची रीतच पडली आणि ती शतकानुशतकं चालली. आठव्या शतकात एका बाईला जे लिहून घेता आलं, ते एकविसाव्या शतकातल्या पदवीधर मुलीला मागायला लाज वाटावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुराणातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? सुरह बकराची 282 वी आयत, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, ज्याला स्वतः मजकूर सांगता येत नाही त्याच्या वतीने कुणी सांगावा, सगळं तिच्यात आहे. आणि बुखारीच्या संग्रहातल्या एका हदीसचा आशय असा की, पाळण्याला सर्वांत जास्त पात्र अटी म्हणजे ज्या घालून तुम्ही लग्न केलंत त्या. हन्बली पंथाने तर यावर अख्खं शास्त्र उभारलं. दुसरी बायको करणार नाही, बायकोला तिच्या गावातून हलवणार नाही, अशी अट नवऱ्याने मान्य केली आणि मग मोडली, तर बायकोला लग्न मोडून घेण्याचा हक्क मिळतो, असं हन्बली धर्मशास्त्री सांगतात. सौदी अरेबियाची न्यायपरंपरा याच पंथाची, आणि 2022 साली तिथे वैयक्तिक कायदा लेखी स्वरूपात आला तेव्हा अटींना त्यात जागा मिळाली. आम्ही कोकणी शाफई आहोत, बाकीचा बहुतेक भारत हनफी. पंथ बदलला की अटींचं वजन बदलतं. अम्मानचा कायदा दुबईत चालेलच असं नाही आणि दुबईचा कुवेतला. म्हणूनच ‘आमच्या मौलानांना अरबी येतं’ एवढ्यावर काम भागत नाही. मौलाना आदरणीय आहेत, धर्म त्यांना विचारावा. अमुक देशाच्या न्यायालयात हा कागद उद्या कसा उभा राहील, हे त्यांना विचारणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

भाषांतरकाराचंही तेच. अमिरातीत न्यायालयापुढे जायचा परदेशी कागद अरबीत लागतो आणि तो न्याय मंत्रालयाची परवानगी असलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावा लागतो. ही माणसं आपलं काम चोख करतात. पण रेघ मारलेल्या रकान्याचं भाषांतर रेघच होणार. तिथे काय लिहायला हवं होतं, ते सांगणं त्यांच्या कामात येत नाही.

मग वकील कसा शोधायचा? आखातात ‘अ‍ॅडव्होकेट’ अशी पाटी दिसली की आपण आत शिरतो, आणि आत केरळचा, मुंबईचा किंवा लाहोरचा माणूस भेटला की हायसं वाटतं, कारण तो हिंदी बोलतो. अमिरातीत न्यायालयात उभं राहण्याचा हक्क प्रामुख्याने तिथल्या नागरिक वकिलांना आहे. आपली माणसं बहुधा कायदा सल्लागार म्हणून काम करतात. सल्लागार वाईट असं मी म्हणत नाही. त्यांच्यातले कित्येक फार चांगले आहेत, आणि आपल्या मुलीशी तिला कळेल अशा भाषेत बोलणारं माणूस हवंच. पण मसुदा तिथल्या परवानाधारक वकिलाच्या नजरेखालून गेला आहे ना, एवढं विचारायला हवं. उलट बाजूही लक्षात घ्या. अरबी ज्याची मातृभाषा आहे तो प्रत्येक वकील उपयोगाचा नसतो. कैरोत शिकलेल्या वकिलाला इजिप्तचा कायदा पाठ असेल, तुमचा करार नोंदवला जाणार आहे शारजात. नवऱ्या मुलाच्या घरचा ओळखीचा वकील तर नकोच, तो कितीही सज्जन असो. एका करारात दोन बाजू असतात आणि एक वकील दोन्हींचा असू शकत नाही. 

त्याच्यापुढे बसल्यावर काय विचारायचं, हेही सांगते. करार कुठे नोंदवला जाणार आणि त्याला कोणता कायदा लागणार? मेहेरचा लगेच द्यायचा भाग आणि नंतर द्यायचा भाग वेगवेगळे लिहिले आहेत का, चलन कोणतं, आणि ‘नंतर’ म्हणजे नेमकं कधी? शिक्षण, नोकरी, राहण्याचं ठिकाण, दुसरं लग्न, यांबद्दलच्या अटी त्या कायद्यात टिकतील अशा शब्दांत बसतात का? तलाकचा अधिकार नवऱ्याने काही प्रसंगी बायकोला सोपवायचा असेल, म्हणजे तफवीज, तर तो तिथे चालतो का? मूल झालं आणि बाप परदेशी असला तर मुलाचा पासपोर्ट, प्रवास आणि ताबा यांचं काय? आणि शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो: हा कागद भारतात आणि नवऱ्याच्या देशात कसा पोचवायचा? अपोस्टील करार म्हणजे एका शिक्क्यावर एकमेकांचे कागद मानण्याचा देशांमधला करार; भारत 2005 पासून त्यात आहे, सौदी अरेबिया 2022 मध्ये आला, ओमान आणि बहारिन आधीपासून आहेत. अमिराती, कुवेत, कतार यांच्यासाठी मात्र जुनाच रस्ता : इथल्या विवाह प्रमाणपत्रावर राज्याच्या गृह खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा, मग तिथे गेल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा, आणि मग अरबी भाषांतर. यातली एक पायरी राहिली तर मुलगी तिथल्या न्यायालयात आपण बायको आहोत हेच सिद्ध करत बसते.

हा प्रश्न आखातापुरता नाही. आपली मुलं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत आणि तिथेही निकाहनामे न्यायालयात जातात. लंडनच्या न्यायालयाने भारतात झालेल्या निकाहातली मेहेर 1964 सालीच करार म्हणून मान्य केली होती. न्यू जर्सीतल्या न्यायाधीशांनी 2002 मध्ये दहा हजार डॉलरची उशिराची मेहेर द्यायला लावली. त्या प्रकरणात लग्नाची व्हिडिओ फीत होती आणि बोलणी होऊन, वाचून सह्या झालेल्या त्यात दिसत होत्या. याच्या उलट वॉशिंग्टन राज्यातलं 2010 चं प्रकरण. वीस हजार डॉलरची मेहेर, कागद फारसीत, आणि सही करणारा नवरा मुलगा फारसी बोलायचाही नाही, वाचायचाही नाही. असा काही कागद आहे हे त्याला सहीच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी समजलं. वकिलाला विचारायला वेळच नव्हता. अपील न्यायालयाने तो करार धरला नाही. नुकसान कुणाचं झालं? त्या मुलीचं. कागद वाचून, समजून सही झाली असती तर तिची मेहेर टिकण्याची शक्यता किती वाढली असती. मुलींच्या आईबापांना मी हे प्रकरण मुद्दाम सांगते, कारण त्यांना वाटतं, घाईत सही करून घेतली की आपलं काम फत्ते. घाईची सही दोन्हीकडून फुटते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नाआधीच्या कराराबद्दल एक तरतूद आहे, ती मला फार आवडते. कराराचा अंतिम मसुदा हाती पडल्यापासून सही होईपर्यंत किमान सात दिवस गेले पाहिजेत. आणि ज्याने वकील घेतलेला नाही, त्याला तो करार आणि त्याचे हक्क ज्या भाषेत समजावले, ती भाषा त्याला चांगली येत असली पाहिजे. नाहीतर ती सही स्वेच्छेची मानली जात नाही. असं काही आपल्याकडे का असू नये? यात धर्माला धक्का लागण्यासारखं काय आहे?

आपल्याकडची स्थिती काय आहे तेही पाहू. निकाहनाम्यात पत्नीच्या हक्काच्या अटी घालता येतात आणि त्यातल्या कित्येक भारतीय न्यायालयांनी मानल्या आहेत. नवऱ्याने ठरावीक प्रसंगी तलाकचा अधिकार बायकोला सोपवणं हे कलकत्ता उच्च न्यायालयाने 1882 सालीच मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयाने शंभरेक वर्षांपूर्वी एक रेघही आखून दिली : पुढे वेगळं राहण्यालाच उत्तेजन देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून रद्द. म्हणजे काय लिहावं आणि काय लिहू नये, यासाठी जाणकार लागतोच. 2005 मध्ये भोपाळला अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने नमुना निकाहनामा मांडला. स्त्री-संघटनांचं त्याने समाधान झालं नाही, आणि मलाही तो अपुरा वाटतो. 2017 च्या तीन तलाकच्या सुनावणीत याच बोर्डाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की, एका दमात तलाक देणार नाही अशी अट निकाहनाम्यात घालण्याचा सल्ला आम्ही काझींना देऊ. त्या वर्षी 22 ऑगस्टला निकाल लागला, 2019 मध्ये कायदा आला आणि तो तलाक गुन्हा ठरला. पण अटींचा रकाना आपल्या गावांत आजही कोराच राहतो. पाकिस्तानात 1961 च्या अध्यादेशानंतर आलेल्या छापील निकाहनाम्यात अठरावा रकाना तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का, हे विचारणारा आहे. तिथेही काझी अनेकदा मुलीला न विचारता त्यावर काट मारतात. नुसता रकाना छापून काही होत नाही, हे यावरून दिसतं.

आपल्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा तिथे मुसलमानांसकट सर्वांना लागतो. लग्नाआधी नवरा-नवरी मालमत्तेबद्दल अधिकृत दस्त करून घेऊ शकतात, आणि न केल्यास दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते. पणजी-मडगावच्या घरांत लग्नाआधी अशा दस्ताबद्दल बोलणं अभद्र मानत नाहीत. सावंतवाडीपासून तासाभराच्या अंतरावर जे बोलता येतं, ते सावंतवाडीत का बोलता येऊ नये?

सर्वांत काळी बाजू मला टाळता येणार नाही. हैदराबादेत गरीब घरांतल्या अल्पवयीन मुलींची आखातातून आलेल्या म्हाताऱ्यांशी लावलेली लग्नं आपण वर्तमानपत्रात वाचत आलो. 1991 साली हैदराबादहून निघालेल्या विमानात रडणारी दहा वर्षांची मुलगी एका हवाई सुंदरीच्या लक्षात आली, म्हणून ती वाचली. 2017 मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान आणि कतारचे नागरिक, दलाल आणि काझी पकडले. त्यात मुंबईचाही एक काझी होता. अशा प्रकरणांत निकाहाच्या कागदांबरोबरच तलाकच्या कागदावरही मुलीची सही आधीच घेऊन ठेवलेली असते. दापोलीच्या माझ्या पक्षकार मुलीचं प्रकरण आणि हे, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : कागदात काय आहे ते सही करणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं, आणि तिच्या बाजूने विचारणारं कुणी तिथे नव्हतं.

आईबाप मला एकच आक्षेप सांगतात. ‘वकिलाचं नाव काढलं तर स्थळ मोडेल. लग्नाआधीच तलाकच्या गोष्टी कशाला?’ मला त्यांची भीती कळते. मुलगी वयात आली की कोकणातल्या घरात झोप कशी उडते, ते मी आमच्याच घरात पाहिलं आहे. पण जे स्थळ एक पान वाचून घेतो म्हटल्यावर मोडतं, ते पुढे कशाकशाने मोडेल याचा विचार करा. आणि हे नुसतं तलाकबद्दल नाही. मुलगी कुठे राहील, शिकेल का, कमावेल का, आपल्या आईला बघायला वर्षातून एकदा येऊ शकेल का, या सगळ्या चालत्या संसाराच्या गोष्टी आहेत. त्या आधी बोलल्या गेल्या तर भांडणं कमीच होतात. भल्या घरातली मुलंही अशा बोलण्याने मोकळी होतात, कारण सात-आठ वर्षांचा पगार जाईल एवढी उशिराची मेहेर न समजता कबूल करणारी मुलंही मी पाहिली आहेत.

आता काही मागण्या. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि ठाणे या जिल्ह्यांच्या सेवा प्राधिकरणांनी अरबी वाचून समजणारे आणि आखाती कायदा जाणणारे वकील आपल्या यादीवर घ्यावेत. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे आणि मुंबईत कायद्याची महाविद्यालयं आहेत. दोघांनी मिळून कायद्याच्या अरबीचा एक अभ्यासक्रम चालवला तर आपल्याच मुली तो करतील आणि आपल्याच मुलींच्या उपयोगी पडतील. अबू धाबीच्या न्यायखात्याने 2019 मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी घेतली. त्यांना आपल्या माणसांच्या भाषेची गरज दिसते, तर आपल्याला त्यांच्या भाषेची का दिसू नये? आखातातल्या आपल्या दूतावासांत कायदेविषयक सल्ला मिळतो, आणि परदेशात नवऱ्याने टाकलेल्या बायकांना वकिलाच्या खर्चासाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते. ती मदत संसार मोडल्यावरची आहे. सल्ला मात्र सही करण्याआधीही मागता येतो, आणि तो मागणारं फारसं कुणी येत नाही.

जमातींना, म्हणजे गावोगावच्या मुस्लिम समाजाच्या मंडळांना, माझी विनंती आहे की परदेशी करार होणार असेल तर मुलीने तो आपल्या वकिलाकडून वाचून घेतला आहे का, हे निकाह पढवण्याआधी विचारायचं, असा ठराव करा. नुसतं विचारलंत तरी पुष्कळ आहे. जमातीने विचारलं की घरात ती गोष्ट काढायला मुलीला बळ मिळतं, आणि वरपक्षालाही वाटत नाही की संशय फक्त आपल्यावरच आहे.

आणि लग्न ठरलेल्या मुलींनो, साड्या-दागिन्यांची यादी करायला बसाल तेव्हा कराराचा मसुदा मागून घ्या. तो निकाहाच्या किमान सात दिवस आधी तुमच्या हातात हवा. तुमच्या वकिलाने तो तुमच्या भाषेत तुम्हाला वाचून दाखवलेला हवा, आणि अटींच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवलेलं हवं. मसुदा मिळत नसेल तर तारीख पुढे ढकला.